मी कडबाकुट्टी नाही

मी एक जुना पॉवर प्रेस आहे. शाळकरी मित्रांनो, मी लोखंड आहे, मला दुखत नाही. पण ज्या माणसांना दुखायला हवं होतं त्यांनाही दुखलं नाही, म्हणून बोलतो.

मला घडवलं दूर पंजाबात. तिथून ट्रकने मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आलो. मोटारसायकलच्या सुट्या भागांसाठी पत्रा कापणं हे माझं काम. घडवणारे शहाणे होते. त्यांनी मला दोन बटणं दिली. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच माझा जबडा खाली यायचा. मग हात आत राहणार कसा?

मालक काकासाहेब मला 'आमची लक्ष्मी' म्हणायचे. खंडेनवमीला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. अशाच एका खंडेनवमीला सुपरवायझर बद्रीनाथने पूजेचा लाल नाडा माझ्या डाव्या बटणावर गच्च गुंडाळला. बटण दबलं ते दबलेलंच राहिलं. आता एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. काम भराभर होऊ लागलं. काकासाहेबांनी बद्रीनाथची पाठ थोपटली.

माझ्यावर कस्तुराबाई काम करायची. तिने बद्रीनाथला विचारलं, "भाऊ, हे सोडू का?"

"देवाचा नाडा हाय बाई. तोडतीस?"

तिने नाड्यावरचा हात मागे घेतला. ती तो घेणार हे त्याला ठाऊक होतं. मी आयुष्यभर काळं तेल प्यालो, पण त्याच्या डोक्याइतकं घाण काही पाहिलं नाही.

दिवाळीच्या घाईत एकदा पत्रा अडकला. तो ओढायला तिचा डावा हात आत गेला, उजवा बटणावरच होता. चार बोटं गेली. बद्रीनाथने आधी नाडा कापून खिशात घातला, मग गाडीसाठी ओरडला.

पुढे सरकारी साहेब तपासाला आले. त्या सकाळी माझ्या शेजारीच काकासाहेबांनी कस्तुराबाईला आणि तिच्या नवऱ्याला, मुंजाबाला, समजावलं, "घरी कडबाकुट्टीत हात गेला म्हणा. वैरण कापताना होतंच असं. मग तिची नोकरी राहील."

साहेबांनी विचारलं तेव्हा काकासाहेबच आधी बोलले, "कडबाकुट्टी, साहेब. खेड्यातली माणसं, लक्ष नसतं."

मुंजाबा खाली बघत राहिला. कस्तुराबाईला मात्र हसू आलं.

"कुणाची कुट्टी, मालक? आमी धनगर माणसं. आमची मेंढरं रानात चरत्यात. कुट्टी तुमच्या वाड्यावर असंल, आमच्या घरी नाय."

"वहिनी, जरा जपून बोला," बद्रीनाथ म्हणाला.

"आता वहिनी व्हय रे? जपायचं व्हतं ते हितंच पडलं." तिने पट्टी बांधलेला हात माझ्याकडे केला. "ह्यानं घेतली बोटं. बटण ह्या बद्रीनं बांधलं व्हतं."

मुंजाबाने मान वर केली. "खरं हाय साहेब. आमाला खोटं बोलाया सांगितलं."

अपघात कामावरचाच म्हणून नोंदला गेला. काकासाहेबांनी त्याच संध्याकाळी तिला गेटबाहेर काढलं. दोन्ही हात धड असून बसल्या जागी चहा मागणारा हा माणूस तिला म्हणाला, "एका हाताच्या बाईचं मी काय करू?"

नंतर इतर बायकांच्या बोलण्यातून कळायचं. मुंजाबा भाकरी थापायला शिकला. ती चुलीपाशी बसून म्हणायची, "ही भाकर हाय का गोधडीचं ठिगाळ?" दोघं हसायची. मग एका पावसाळ्यात ती तापाने गेली. काकासाहेबांनी ते ऐकलं आणि विचारलं, "कोण कस्तुराबाई?"

आज मी भंगारात पडलो आहे. मला कुणी पुसावं, तेल द्यावं, असं माझं मागणं नाही. मित्रांनो, तुमची आई, बाप, काकू कुणीही यंत्रावर कामाला जात असेल, तर संध्याकाळी ते माणूस दारात आलं की आधी दप्तर बाजूला ठेवा आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बघा.