उघडी राहिलेली पापणी

मित्रांनो, तुमच्या घराला दारं-खिडक्या असतात. माझं तर छप्परच उघडतं. लडाखच्या चांगथांगात, उंच डोंगरमाथ्यावर उभी असलेली मी एक जुनी वेधशाळा. इथे पाहुण्याला चार पायऱ्यांत धाप लागते, पण तारे लख्ख दिसतात.

माझे दगड याकांच्या पाठीवरून आले. माझा डोळा, म्हणजे दुर्बिणीचा मोठा आरसा, तान्ह्या बाळासारखा रजयांत गुंडाळून आणला. शास्त्रज्ञांनी मला खूप नावाजलं. पण मला रोज पुसायचे, तेल घालायचे ते गावातले मेमे तुंडुप. मेमे म्हणजे आजोबा; आदराने हाक मारताना मेमे-ले.

यंदा लोसारला, नव्या वर्षाला, मेमेंनी माझ्या घुमटावर लुंगता बांधल्या. मंत्र छापलेल्या या पताका ते आपल्या घरावरही बांधतात. माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुर्बीण सांभाळणाऱ्या यांगडोलने, रात्रीपर्यंत आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा म्हणून, छप्पर उघडलं. तासाभरात पश्चिमेकडून वादळ उठलं. तिने बटण दाबलं. छप्पर करकरलं आणि अर्ध्यावरच अडलं. पताकांची दोरी साखळीत गुंतली होती!

वाळूचे कण आत येऊ लागले. आरसा खरवडला, तर मी कायमची आंधळी.

"मेमे-ले, दोरी कापा!" ती धावत आलेल्या मेमेंना म्हणाली.

"लुंगता कापतात का, पोरी? पाप लागेल."

"मग आरशाच्या जागी तुमचं टक्कल बसवू?"

मेमे हसले नाहीत. "मी बांधली, मीच सोडवीन," म्हणत ते बर्फाळ शिडी चढले.

"कमरेला दोर तरी बांधा!"

"दोरानंच घोळ केलाय आज!"

वर वारा त्यांना ढकलत होता. उघड्या बोटांनी ते गाठ सोडवत होते, गाठ सुटेना. इतक्यात त्यांचा पाय घसरला, आणि माझा पत्रा धाडकन वाजला. त्या क्षणी मी आरसा विसरले. जाऊ दे डोळा, म्हातारा तेवढा खाली येऊ दे! पण मी भिंतींची. मला हात कुठले?

मेमे सावरले. पुटपुटत क्षमा मागून त्यांनी सुरी काढली आणि दोरी कापली.

"हात बाहेर काढलात?" यांगडोल ओरडली.

"काढला! दाब!"

छप्पर मिटलं. आरशाच्या कडेला एक ओरखडा राहिला. मेमेंची दोन बोटं मात्र थंडीने काळी पडली. आता गोंचाची, त्यांच्या लांब अंगरख्याची, गुंडी नातसून लावते.

मित्रांनो, माया जरूर करा. पण जिच्यावर करता, ती वस्तू कुठून हलते, कुठून मिटते, तेही एकदा बघून ठेवा. आता वारा सुटला की मी तारे विसरते, आणि शिडीवर कुणी चढत नाही ना, एवढंच कान देऊन ऐकत राहते.