ताठ उभं राहता येईल अशी गाडी

गाडीतच घर करायचं यावर आमचं दोघांचं एकमत होतं. कुठल्या गाडीत, यावरून मात्र रोज खडाजंगी.

आमचे हे बसचे ड्रायव्हर आणि मी त्याच बसची कंडक्टर. उभं आयुष्य रस्त्यावर गेलं, पण ते दुसऱ्यांना त्यांच्या घरी पोचवण्यात. एखादं वळण आवडलं म्हणून कधी थांबता आलं नाही. नदीकडे जरा निवांत बघावं, तर मागून कुणीतरी ओरडायचं, "अहो, उशीर होतोय!" म्हणून निवृत्त झालो की घर सोडायचं आणि गाडीतच राहायचं, वाटेल तिथं थांबायचं, हे आम्ही केव्हाच ठरवून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "तुम्हा दोघांना वेड लागलंय." मी म्हटलं, "लागू दे, आता वय झालं, शोभतं." भाड्याचं घर सोडतोय असं मालकाला सांगूनही टाकलं. महिनाअखेरीच्या आत गाडी मिळायला हवी होती.

आणि नेमकं तेव्हाच यांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, काचबिंदू आहे. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू जाईल, अंधारातलं तर आधी जाईल. गेलेलं परत येत नाही. "गाडी चालवणं आता थांबवा," त्या म्हणाल्या. हे म्हणाले, "बघू." बाहेर आल्यावर थेंबांची बाटली खिशात टाकली आणि मला म्हणाले, "चल मास्तर, चहा घेऊ." कंडक्टरला सगळेच म्हणतात तसं हे मला कामावर मास्तर म्हणायचे, पुढे घरीही तेच पडलं. चहा झाला आणि तो विषय तिथंच बुडाला. ज्याच्या हातात जन्मभर स्टिअरिंग होतं, त्याला ते सोड म्हणायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि घरात उंदीर मी एकटीच.

यांना हवी होती मोठी गाडी. "मला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे," एवढं एकच पालुपद. हे ताडमाड उंच, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. मला हवी होती लहान. लहान गाडी कुठंही लावता येते, झाडायला सोपी, डिझेल कमी पिते, असं काहीबाही मी सांगायचे. खरं कारण एवढंच की लहान गाडी मला चालवता येते. ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याला वळसा घालून जात होतो.

आधी एक जुनी अँब्युलन्स बघितली. उंची छान, कपाटं तयार. हे आत डोकावले आणि बाहेर आले. "हिच्यात आडवं व्हायची वेळ येईल तेव्हा येईल. आपण होऊन कशाला जायचं?"

मग एका लाँड्रीवाल्या बाईंची व्हॅन. त्यांच्या दुकानामागं उभी होती, आत साबणाचा वास आणि कपडे टांगायची लांब दांडी. हे आत शिरले आणि डोकं आपटलं. वळले, पुन्हा आपटलं.

"ही गाडी आहे का पेटी?"

"आमचे कपडे राहतात की हो उभे," बाई म्हणाल्या.

"कपड्यांना डोकं नसतं, बाई."

मी तोवर पुढे जाऊन स्टिअरिंगमागे बसले होते. पाय नीट पोचत होते, चारही बाजूंचं स्वच्छ दिसत होतं. मला ती गाडी फारच आवडली. पण हे मान वाकवून आत उभे होते, आणि पुढचं सगळं आयुष्य या माणसानं असं वाकून काढायचं, हे मलाच बघवेना. मी खाली उतरले.

शेवटी यांनी जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात नेलं. तिथं एक बस उभी होती, आमच्या बसच्याच बनावटीची. बाकं काढून टाकलेली. हे आत ताठ उभे राहिले, हात वर केले आणि लहान मुलासारखे हसले. मग ड्रायव्हरच्या जागी बसले. हात न बघता गिअरवर गेला, न बघता दिव्यांच्या बटणांवर गेला.

"साहेब, तुम्ही तर डोळे मिटून चालवाल!" विकणारा म्हणाला.

"हो तर," हे म्हणाले. म्हणजे हा यांचा हिशोब होता! दिसलं नाही तरी हातांना पाठ असलेली गाडी. अख्ख्या जगात असा विचार एखाद्या बस ड्रायव्हरलाच सुचावा.

"मास्तर, मागे जा. जरा फिरवून बघतो."

बाकीचे कंडक्टर गाडी मागे घेताना पत्रा बडवत "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचे. यांना आरडाओरडा खपत नाही. मी मागच्या कोपऱ्याला उभी राहायचे, हे आरशात माझा हात बघायचे. पंजा वर गेला की गाडी थांबली. आमच्या बसला मागून कधी ओरखडा पडला नाही.

मी शेडच्या सावलीत, भिंतीपुढं उभी राहिले. बस मागे येऊ लागली. मी पंजा वर केला. बस येतच राहिली. बाजूला व्हावं हे मला सुचलंच नाही. माझा हात वर गेला आणि यांनी गाडी थांबवली नाही, असं कधी झालंच नव्हतं. पाठ भिंतीला लागली, तरी मी हात वर धरून उभी. विकणारा किंचाळला तेव्हा ब्रेक लागला. बसचा मागचा पत्रा माझ्या पोटाला टेकला होता.

हे उतरले, बसच्या कडेला हात लावत लावत मागे आले. मला तिथं बघितलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

"ओरडली का नाहीस?"

"आपण ओरडतो का कधी?"

"मी आरशात बघितलं होतं गं. तिथं तू नव्हतीस."

"होते हो. तिथंच होते."

मला भीती नंतर वाटली. आधी संताप आला, यांच्यावर, डॉक्टरीणबाईंवर, तो चहा मुकाट्यानं पिणाऱ्या माझ्यावर. मग पत्रा चाचपून धुळीनं माखलेले यांचे हात दिसले आणि संताप ओसरला. मी ते हातात घेतले. हे बसच्या पायरीवर बसले.

"मास्तर, त्या लाँड्रीवाल्या बाईंची गाडी गेली असेल का?"

"तिच्यात तुम्हाला उभं राहता येणार नाही."

"ड्रायव्हर कधी उभा राहतो का? जन्म बसून काढला, राहिलेलाही काढीन." मग हळूच म्हणाले, "ड्रायव्हर म्हणायची आता सोय राहिली नाही म्हणा."

गाडी गेली नव्हती. तिच्यात आम्ही पलंग, शेगडी, पाण्याचा पिंप बसवला. घराची किल्ली मालकाला दिली त्या सकाळी मी स्टिअरिंगमागे बसले आणि हे शेजारी. जन्मात पहिल्यांदा माझ्या शेजारी. हात कुठं ठेवावे हे कळेना, शेवटी मांडीवर ठेवले. गाव मागे पडलं.

मग म्हणाले, "माझ्या बाजूला काय आहे?"

यांनी हे कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना नाही, मुलीला नाही, मला तर नाहीच.

"पाट आहे," मी म्हटलं. "पाणी सोडलंय. एक बाई चादरी वाळत घालतेय. पलीकडं दोन म्हशी."

"हं. अजून?"

मला पुढं बोलताच येईना. समोरचा रस्ताही दिसेना. मी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि पदर डोळ्यांना लावला.

यांनी चाचपत माझा खांदा शोधला. "रडतेस काय? दोघांत एकाला तरी नीट दिसायला हवं ना."

मी डोळे पुसले आणि पहिला गिअर टाकला.