कुलपाआडचे आवाज

गहिनीनाथने चिंधीचं टोक थिनरमध्ये बुडवलं आणि अॅम्प्लिफायरच्या चिपच्या, म्हणजे आयसीच्या, काळ्या पाठीवर दाबून फिरवलं. वर छापलेला पांढरा नंबर दोनदा घासताच निघून गेला. त्याने ती आयसी डावीकडच्या ढिगात टाकली.

"हीबी खोटी?" शेजारच्या साखराबाईने विचारलं.

"खोटी आसं न्हाई, मावशे. वाजंल. पन दुसऱ्याच्या नावानं वाजंल."

"मंग आपल्या धुळाजीवानी म्हन की. त्योबी भावाच्या नावावर मत टाकून आलता."

ओट्यावरच्या पोत्यावर आयसी पाय वर करून पडल्या होत्या. साखराबाई त्यांना झुरळं म्हणायची. बीडच्या बाजारातून मूठभर आणलेल्या त्या झुरळांतून गहिनीनाथ कामाची निवडत होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन पडला आणि त्याची कंबर गेली, तेव्हापासून तो तोडीला जात नव्हता. अॅम्प्लिफायर बनवत होता. नांदूरघाटच्या एका वरातीत त्याचा अॅम्प्लिफायर लागला तेव्हा घोडा मटकन खाली बसला, असं लोक सांगतात. गहिनीनाथच्या सांगण्यात तो घोडा तिसऱ्या दिवशी उठला आणि उलटा चालत घरी गेला. घोड्याच्या मालकाला मात्र हे कुणी विचारलेलं नाही.

यंदाचा अॅम्प्लिफायर वरातीचा नव्हता. दिवाळी सरली, ट्रॅक्टर आले आणि धारूरच्या डोंगराकडेची ही वस्ती नेहमीप्रमाणे ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघून गेली. मागे राहिली म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. गेल्या साली अशाच दिवसांत चोर आले होते. त्यांनी घाईसुद्धा केली नाही. एका घरात चूल पेटवून चहा केला, कपबश्या धुऊन पालथ्या घातल्या आणि मग त्या कपबश्यांसकट सगळं घर घेऊन गेले.

म्हणून गहिनीनाथने हे काढलं होतं. कुलूप लागलेल्या सहा घरांत सहा स्पीकर, आणि सगळ्यांना मिळून सहा वाटांचा एक अॅम्प्लिफायर. सहाही घरांत एकच गाणं वाजलं तर चोर ओळखणार. त्यामुळे खोकला एका घरातून यायला हवा, भांडण दुसऱ्या घरातून, आणि रडकं पोर तिसऱ्या घरातून. ट्रॅक्टर यायच्या आधी त्याने एकेका संध्याकाळी एकेका घराच्या कोनाड्यात आपला मोबाइल चालू करून ठेवला होता. पहिली पाच मिनिटं माणसं मोबाइलकडे बघून हसत बोलायची. मग चूल पेटायची, पोरं भांडायची, आणि कोनाड्यात काय ठेवलंय याची कुणाला याद राहायची नाही. गहिनीनाथला तेच पाहिजे होतं. एवढं तासाभराचं तो एकटा कधी ऐकत बसणार? जसं भरलं तसं त्याने मेमरी कार्डांत उतरवलं होतं.

"ही मोठी कावून बाजूला काढली?" साखराबाईने पंधरा पायांच्या एका आयसीला बोट लावलं.

"तिला दुहेरी करंट लागतो. ट्रॅक्टरची बॅटरी कुठून देती? आन् तिच्यातून आश्रुबाचा खोकला सोडला तर चोर दवाखान्याची गाडी बोलावतेल."

साखराबाई तोंडाला पदर लावून हसली.

"ही चव्वेचाळीस-चाळीस नंबरची," तो म्हणाला. "एकीतून दोन घरं निघतेत. वनमालाचं आन् तिच्या जावंचं. तशाबी त्या एका दमात भांडतेत. बाकीच्याला ह्या वीस-तीस नंबरच्या. एकीला एक घर."

मग त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आतली वीस-तीस त्याने एका जुन्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून काढली होती. थिनरची चिंधी तिच्यावर चार वेळा फिरवली, तरी नंबर हलला नाही.

"ही एवढी अस्सल. बाजारच्या सगळ्या खरखर करतेत, भजी तळल्यावानी. हिच्यातून कसं, मानूस शेजारी बसून बोलल्यावानी येतंय."

"मंग ती माज्या बाळूच्या घराला."

"मावशे, बाळूचं घर तुज्या भिताडाला भिताड. चोर आला तर स्पीकरच्या आधी तूच वरडशील. ही कडंच्या घराला पायजे."

"बाळूच्या घराला," साखराबाई म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "चैतात पोरगं येईल. घर फुटलेलं बघितलं तर काय म्हनंल? सुनंला, वनिताला तर निमितच पायजे. म्हनंल, हितं काय ऱ्हायलंय आता, चला माघारी कारखान्याकडं. एकदा पाय निघाला ना गहिन्या, मानूस पुन्हा येत न्हाई. मला बाकी कायबी नको. घर हाय तसं ऱ्हाऊ दे."

गहिनीनाथने अस्सल आयसी बाळूच्या घरासाठी घेतली. कथील वितळलं, त्यातल्या राळेचा धूर वर आला, आणि म्हातारी खोकत बाजूला सरकली.

दुपार कलताना त्याने बॅटरीला वायर लावली आणि बाळूचं कार्ड घातलं. ओट्यावर ठेवलेल्या स्पीकरमधून आधी भांडी वाजली. मग बाळूच्या पोरीने, सायलीने, सातचा पाढा म्हटला आणि ती सात सक्कंपाशी अडकली. बाळूने घसा साफ केला. वनिता कुणाला तरी "हाड!" म्हणाली, तशी ओट्याखालची कोंबडी खरोखर उठून चालती झाली.

"बग," गहिनीनाथ म्हणाला. "कोंबडीनं पास केलं."

साखराबाई स्पीकरकडे टक लावून बसली होती. सायली परत सात एकं सातपासून सुरू झाली, तेव्हा म्हातारीचे ओठ तिच्याबरोबर हलले. मागच्या बाजूला शेळी ओरडली. "आले गं," म्हणत ती उठली, सुबाभळीची डहाळी घेतली आणि भिंतीआड गेली.

पाढा संपला. पोरीला बाहेर पिटाळल्याचा आवाज झाला. नंतर बाळू बोलला. खालच्या आवाजात बोलला, पण आयसी अस्सल होती.

"आवंदा माघारी यायचं न्हाई. मुकादमानं खोली बगितलीया, कारखान्याच्या आंगालाच. सायलीचं नाव तिकडच्याच शाळंत घालू."

बांगड्या वाजल्या.

"आन् आत्याबाईला?" वनिताचा आवाज.

"तिला आत्ता सांगू नको. ट्रॅक्टरफुडं आडवी पडंल. तिकडं गेल्यावर सांगू कवातरी फोनवर."

"ह्या घराला कुलूप लावून नुसतं ठेवायचं?"

"म्हातारी हाय तवर ऱ्हाऊ दे. मंग बगू."

गहिनीनाथचा हात बटणावर होता, पण ते कोणत्या बाजूला फिरवायचं हेच त्याला सुचेना. शेवटी त्याने बॅटरीची वायर ओढून काढली. कथील वितळवायच्या सळईचं गरम टोक मांडीला लागलं, तेही त्याला उशिरा कळलं.

साखराबाई भिंतीआडून आली. हातात सुबाभळीची डहाळी तशीच होती. मागे शेळी ओरडत होती.

"कावून बंद केलं?"

"तापली."

"अस्सल आसून?"

"अस्सलच जास्त तापती, मावशे."

ती खाली बसली. डहाळी मांडीवर आडवी घेऊन एकेक पान खुडू लागली. पानं तिच्या पायाशी पडत होती.

"मंग दुसरी लाव," ती म्हणाली.

सकाळी त्या एका आयसीसाठी इतकं भांडलेली बाई इतक्यात कशी ऐकते, हे गहिनीनाथला वेगळ्या वेळी नक्की खटकलं असतं. आज त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं. त्याने अस्सल आयसी काढून पुडीत गुंडाळली आणि डावीकडच्या ढिगातली, नंबर पुसलेली एक वीस-तीस तिच्या जागी बसवली. कार्डातलं बोलणं कापून टाकायला कॉम्प्युटर लागतो, आणि तो सगळ्यात जवळचा धारूरला. खरखर मात्र इथंच होती, हवी तेवढी.

दिवस मावळायच्या आत त्याने सगळ्या वायरी जोडल्या. बाळूच्या घराचा स्पीकर कौलाच्या फटीतून आत सोडला. मग ओट्यावर बसून त्याने एकेक बटण फिरवलं.

आश्रुबाच्या कुलपाआड आश्रुबा खोकला. पलीकडे वनमाला आणि तिची जाऊ हंड्यावरून जुंपल्या. कुठं पोर रडलं, कुठं पाटा-वरवंटा घासला. वस्ती भरून गेली. फक्त त्या सहा घरांपैकी एकाही कौलातून धूर निघत नव्हता, आणि रस्त्यावर दिवसाची शेवटची एसटी येऊन कुणालाही न उतरवता वळली. धुळाजी आपल्या दारात काठी धरून उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

साखराबाई बाळूच्या बंद दाराशी बसली होती. दाराला कान लावावा लागत नव्हता. आत भांडी वाजत होती, पोरगी पाढा म्हणत होती, आणि सगळ्यावर भजी तळल्याची खरखर पसरली होती. पाढा संपला. पोरीला पिटाळलं. पुढे खरखर, खरखरीत गुरगुरल्यासारखं काहीतरी, परत खरखर. बऱ्याच वेळाने वनिता कोंबड्यांवर ओरडली.

गहिनीनाथ हातात पक्कड घेऊन जवळ आला. उगाचच कौलाजवळची वायर ओढून पाहिली.

"कसं हाय, मावशे?"

"दुपारच्यापरीस खराब हाय." साखराबाईने गुडघ्यांवर हात टेकले. "पन बरं हाय. मदलं काय ऐकू येत न्हाई."

गहिनीनाथच्या हातातली पक्कड खाली पडली. तो वाकला, ती उचलली, पुसली आणि परत पुसली. आत सायली पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

"ही खोटी कवापर्यंत टिकंल रं?" साखराबाईने विचारलं.

"चैतापर्यंत कायबी होत न्हाई तिला."

"मी त्याच्या फुडचं इचारायले."