खांबाशी बोलणं

दत्तोपंत वकिलांच्या महाल भागातल्या ऑफिसात चंपतराव खुर्चीवर बसले होते. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा गोपिका दाराजवळच्या बाकावर होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. लग्न झाल्यापासून ती भासऱ्यांशी, म्हणजे या मोठ्या दिरांशी, थेट बोललेली नव्हती. सांगायचं ते मधल्या माणसाला.

कळमन्याची सामायिक शेती विकून दोन वर्षं होत आली होती. त्या पैशांतून आज, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुसरी शेती घेतली, तरच विक्रीवरचा कर माफ होणार होता. भिवापूर रस्त्यावरची जमीन ठरली होती, विकणारा रजिस्ट्रार कचेरीत थांबला होता. चंपतरावांना ती दोघांच्या नव्या भागीदारी फर्मच्या नावानं हवी होती.

"फर्म केली तर काय होते?" गोपिकानं दत्तोपंतांना विचारलं.

"फर्मचं देणं भागीदारांच्या घरापर्यंत येतं. करातली सूटही वादात पडेल. खरेदीखतात निम्मे निम्मे हिस्से लिहिले, तर एकाचं देणं दुसऱ्याला लागत नाही."

"धाकटीले सांगा," चंपतराव म्हणाले, "हिस्से परके लोक करतात."

शेजारच्या खोलीत फोन वाजला. दत्तोपंत उठून गेले. आता मधे कोणी नव्हतं.

गोपिका उठली आणि खिडकीजवळच्या लाकडी खांबाकडे तोंड करून उभी राहिली.

"खांबा, भासऱ्यायच्या मिरचीच्या गिरणीसाठी बँक जामीन मागून राहिली म्हणतात. या फर्मलेच जामीन ठेवणार का गा?"

चंपतरावांनी खुर्ची खांबाकडे वळवली.

"खांबाले हे कोणं सांगतलं?" चंपतरावांनी विचारलं.

"बँकेचा माणूस माह्यं घर मोजून गेला. मले वाटलं घरपट्टीवाला असंन. चहा पाजला मी त्याले."

"गिरणी चालली तं सगळ्यायचंच भलं हाये, खांबा."

"अन् नाही चालली तं? चार हातमाग हायेत त्या घरात, पोट त्याच्यावरच चालते."

दत्तोपंत परत आले तेव्हा दोघंही खांबाकडेच पाहत होते.

"जमीन विकणारा निघायच्या तयारीत आहे. काय लिहू?"

"निम्मे निम्मे," गोपिका म्हणाली. "नाही तं माही सही नाही. कर भरतो मी. घर देत नाही."

तिची सही नाही म्हणजे खरेदी नाही, आणि कर चंपतरावांनाही भरावा लागणार. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दत्तोपंतांकडे.

"लिहा."

खत टंकून झालं. चंपतरावांनी सही केली आणि पेन तिच्या हाती न देता टेबलाच्या कडेला ठेवलं.

"खांबा," ते म्हणाले, "धाकटीले म्हणा, नीट वाचून सही कर."

ती आधीच वाचत होती.