चार डिस्क, एक बोट कुंकू

स्वप्निलनं नवं रेड (RAID) कार्ड सर्व्हरच्या खाचेत अंगठ्यानं दाबून बसवलं. मजुरी घ्यायची नाही, हे तो वर्ध्याहून निघतानाच ठरवून आला होता. नफा दुसरीकडे होता. जाम गावच्या चौकातला हा धरमकाटा मधुकररावांचा, आणि आकांक्षाही मधुकररावांचीच. तिचा होकार केव्हाच झाला होता. उरला होता बापाचा, आणि तो बाप माणसालाही काट्यावर चढवल्याशिवाय भाव सांगत नसे.

चार डिस्कांना एकीसारखं चालवणारं जुनं कार्ड सकाळी जळालं, आणि काट्यावर चढलेल्या प्रत्येक ट्रकचं वजन, फोटो आत अडकून बसले. वजनावरून भांडण झालं की मधुकररावांचा शब्द टिकायचा तो त्या फोटोंवर. स्वप्निलनं डिस्क काढून टेबलावर ठेवल्या होत्या, खुणा न करता. नवं कार्ड त्यांना आपसूक ओळखणार. क्रम कशाला जपायचा?

आकांक्षाच्या आईनं, अन्नपूर्णाबाईंनी, चहा आणला. कप काठापासून बराच खाली.

"पाहुण्याले तरी भरून देत जा," मधुकरराव म्हणाले.

"सांडला तं कोन पुसंल?"

स्वप्निलनं डिस्क हाताला येतील तशा खणांत सरकवल्या. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कांवर जुनी मांडणी सापडली, स्वीकारायची की पुसायची? नेमकी तेव्हाच आकांक्षा बिस्किटं घेऊन दारात आली. स्वप्निलची नजर तिकडे, बोट इकडे. मांडणी पुसली गेली.

"झालं का?" मधुकररावांनी विचारलं.

डिस्काच जुन्या होत्या, कार्डासोबत त्याही गेल्या, हे वाक्य तोंडाशी तयार होतं. त्या खोलीत ते पकडणारं कोणी नव्हतं. स्वप्निलनं कप खाली ठेवला.

"काका, माह्या हातानं चूक झाली. मांडणी पुसल्या गेली."

"परत नाई येत?"

"येते. माल आतच आहे. पन डिस्का पहिल्याच क्रमानं लावा लागते, आन तो म्या लिहूनच नाई ठेवला. चुकलो तं आहे तेही जाईन."

बाहेर काट्यावर ट्रकनं हॉर्न दिला. स्वप्निलनं एकेक डिस्क काढून खिडकीपाशी नेली. प्रत्येकीच्या दर्शनी पट्टीवर कुंकवाचं बोट होतं. एकीवर लालभडक, एकीवर फिकट, तिसरीवर त्याहून फिकट, चौथीवर नुसती सावली.

"काकू, हे दसऱ्याचं?"

"हाव. पूजा केलती मशीनची."

"कोन्या बाजूनं लावत गेल्या?"

"डाव्या. आता माह्या काटकसरीवर तूही बोलून घे बाबू. एकदाच बोट बुडवलं मी, पुरवत पुरवत नेलं."

गडदपासून फिकटपर्यंत, डावीकडून उजवीकडे डिस्क बसल्या. स्वप्निलनं मांडणी पहिल्यासारखीच बांधली. सगळं कोरं करून सुरू करू का, या पडद्यावरच्या प्रश्नाला नीट वाचून नकार दिला. सर्व्हर सुरू झाला, लिनक्स उठलं. मग पडद्यावर ट्रक येत गेले, कापसाचे, सोयाबीनचे, परवाचा संत्र्यांचा टेम्पो.

मधुकररावांनी टेम्पोचं वजन वाचून घेतलं.

"डिस्काच खराब होत्या म्हनला असता, तं मले का समजलं असतं?"

"काईच नाई, काका."

"हं." चपला घालून ते काट्याकडे निघाले. दारात थांबून, मागं न पाहता म्हणाले, "रविवारी मायबापाले घेऊन येजो."

ट्रक परत आले, काटेवाल्याचा शब्द शाबूत राहिला, स्वप्निलची मजुरी तर धरलेलीच नव्हती. खर्च झालं ते तेवढं अन्नपूर्णाबाईंच्या करंड्यातलं कुंकू. स्वप्निल पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळाला बोट टेकवलं, जरा मागं होऊन पाहिलं, आणि बोट पुन्हा बुडवलं.