शेठचं उत्तर

हिरामणशेठच्या वाढदिवसाची फिल्म बनवायचं काम वनिताने घेतलं, तेव्हा तिच्या आईने, आवडी तिचं नाव, तिला भाकरीसुद्धा आपल्या हाताने वाढली नाही. "तुझ्या बहिणीला खाल्लं त्यानं, नि तू त्याचंच फोटू काढ," एवढंच म्हणाली.

खोटं नव्हतं ते. वाडीला रस्ता नाही, म्हणून बहिणीला, चिंधीला, कळा सुटल्यावर झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला. डांबरी लागायच्या आधीच ती आणि पोटातलं पोर, दोघं गेली. वनिता तेव्हा लोकांच्या हळदीची शूटिंग करून पोट भरायची. त्या दिवसापासून तिने तोच कॅमेरा पुढाऱ्यांवर रोखला. वीटभट्ट्या, फार्महाऊसवाल्यांनी कुंपण घालून अडवलेल्या वाटा, सगळ्यावर माहितीपट केले, शिव्या खाल्ल्या. पण चिंधीवरचा अर्धाच राहिला. त्यात शेठचं उत्तर नव्हतं. झेडपीत वर्षानुवर्षं निवडून येणारा हा माणूस वनिता दिसली की गाडीची काच वर करायचा.

आणि आता त्यानेच बोलावलं. कुत्र्यापुढे हाडूक टाकलं की भुंकणं थांबतं, हा त्याचा जन्माचा अनुभव.

"तू आपलीच पोर हायेस गं," तो म्हणाला. "झकास बनव. जुन्या शूटिंगा कमलेश देईल."

कमलेश म्हणजे त्याचा उजवा हात. त्याने पोतंभर सीड्या आणून टाकल्या. शेठची खोडच होती, कुठेही भूमिपूजनाची कुदळ मारली की हळदीचा शूटिंगवाला बोलवायचा. कुदळ मारली, शूटिंग झाली, म्हणजे काम झालं. त्या सीड्या त्याने स्वतः कधी पाहिल्या नव्हत्या. वनिताने पाहिल्या. दात खाऊन पाहिल्या.

वाढदिवसाला चौक गावच्या मंगल कार्यालयात भर दुपारी तुडुंब गर्दी. वाडीवरच्या बाया टेंपोत कोंबून आणलेल्या, त्यांत आवडी. पडद्यावर ड्रोन, गाणं, पांढऱ्या कपड्यांत चालणारा शेठ. टाळ्या. मग वाडीच्या पायथ्याला रस्त्याचं भूमिपूजन, शेठ काळ्याभोर मिशीचा. पुन्हा तोच पायथा, तोच दगड, शेठचं पोट सुटलेलं. पुन्हा तोच दगड, आता केसांना कलप.

"आरं शेठ, दगडाला तरी लाज वाटंल की रं!" मागून कुणी ओरडलं. हशा पिकला.

गाणं थांबलं. त्याच दगडावरून झोळी चालली होती. चिंधीच्या दिराने मोबाईलवर घेतलेलं. झोळीबाहेर लोंबणारा हात, हिरव्या बांगड्यांचा.

शेठने माईक हिसकावला. वनिता समोरच कॅमेरा लावून उभी होती. त्यानेच उभी केली होती, त्याचं भाषण टिपायला.

"बंद करा रं ते! मी सांगितलेलं काय यांना डोंगरावर राह्यला? चार झोपड्यांसाठी रस्ता करू? एक बाई मेली म्हणून काय तालुका मेला काय?"

वनिताचे डोळे भरले, पण हात हलला नाही. बोल भाड्या, अजून बोल.

कमलेश धावत आला. "कॅमेरा दे, नायतर फोडीन."

तो हात घालणार तोच आवडी आडवी आली, आणि तिच्यामागून टेंपोतल्या सगळ्या बाया. "लाव हात. लाव रं मुडद्या, हात लावून तर बघ!"

तेव्हा कुठे शेठला उमगलं, आपण कुणापुढे काय बोलून बसलो. घाम पुसत खाली आला. आवाजात लोणी.

"वनिताताई, रस्ता उद्या चालू करतो. तेवढं पुसा."

"रस्ता तर तुझा बाप पण करील आता. पुसणार नाय," वनिता म्हणाली. "कर्जतला दाखवीन, दहिवलीत दाखवीन, खालापुरात चौकाचौकांत दाखवीन. आणि सगळ्यात आधी तुझ्या सुनेच्या माहेरी. कळू दे तिच्या आईबापाला, लेक कसल्या घरात दिलीय."