एलरब्रिंक नावाची माणसे

एलरब्रिंक हे आडनाव जर्मनीत फार थोड्या लोकांचे आहे. १९९८च्या टेलिफोन डिरेक्टरीत मला ते सव्वीस वेळा सापडले होते. गेल्या हिवाळ्यात पुन्हा मोजले तेव्हा नऊ भरले. हल्ली पुष्कळ लोक आपला नंबर यादीत देत नाहीत, तेव्हा नऊ म्हणजे खरोखर नऊच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी फारसे काहीच छातीठोकपणे सांगत नाही. एकदा सांगितले होते, त्याचीच ही हकिगत.

नावाचा अर्थ सोपा आहे. एल्लर हे पाणथळ जागी उगवणारे झाड, आणि ब्रिंक म्हणजे गवताळ उंचवटा. म्युन्स्टरच्या पश्चिमेला, आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर तसा एक उंचवटा आहे आणि त्यावर एलरब्रिंकांचे शेत आहे. मी या गावच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवले. लग्न केले नाही. चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायचा तेवढा नाद होता. १९९१ साली त्या शेताला चारशे वर्षे झाली म्हणून गावच्या इतिहास मंडळाने माझ्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली. 'बारा पिढ्या, बापाकडून मुलाकडे' असे तिच्या मुखपृष्ठावर छापले होते. ते शब्द माझेच, आणि मला ते तेव्हा फार आवडले होते.

गेल्या नोव्हेंबरात एवरहार्ड एलरब्रिंक माझ्याकडे आला. वय पंचाऐंशी. आम्ही दोघे तीस वर्षे चर्चमध्ये एकत्र गायलो, तो मागच्या रांगेत आणि मी त्याच्या पुढे. तो मला मास्तर म्हणतो. त्याने टोपी काढली नाही, म्हणजे काम होते. त्याचा मुलगा क्लेमेन्स दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेला होता. त्याला मूलबाळ नव्हते आणि शेत परत बापाकडे आले होते. यादीत एवरहार्ड धरून नऊ, म्हणजे त्याच्याखेरीज आठ. त्या आठांत रक्ताने सगळ्यांत जवळचा कोण ते मी काढून द्यायचे होते. जानेवारीत नोटरीकडे जाऊन तो शेत त्या माणसाच्या नावावर करणार होता.

मी जरा भीतभीतच गेसिनाचे काय असे विचारले. गेसिना ही त्याची मुलगी, क्लेमेन्सची थोरली बहीण, माझी विद्यार्थिनी. अठराव्या वर्षी ती एकटी गायीचे बाळंतपण करायची. शेत तिला हवे होते, पण ते मिळाले क्लेमेन्सला, जो गायींना घाबरायचा. ती सहा किलोमीटरवर राहते. नवरा लुडगर कॉसफेल्ट नळजोडणीची आणि घरे गरम ठेवणाऱ्या बॉयलरची कामे करतो. मुलगा यान्नेस शेतीचे शिकला आणि दुसऱ्यांच्या गोठ्यात नोकरी करतो. बापलेकीची गाठ पडायची ती फक्त कुणाच्या तरी दफनाला, आणि तेव्हाही ती दोघे दोन टोकांना उभी असत.

"गेसिना कॉसफेल्ट आहे," एवरहार्ड म्हणाला. "आणि मास्तर, बारा पिढ्यांत शेत कधी मुलीकडे गेलं नाही. तूच लिहिलंयस."

१९९१ साली, गेसिनाचे लग्न ठरले तेव्हा, त्याने माझी पुस्तिका तिच्यापुढे टेबलावर ठेवली होती. बोलला काहीच नव्हता. हे मला क्लेमेन्सकडून बऱ्याच वर्षांनी कळले. ऐकून मला लाज वाटायला हवी होती. खरे सांगायचे तर आधी जरा बरेच वाटले, की कुणीतरी माझे लिखाण इतके मनावर घेतले. लाज नंतर वाटली.

मी आठ पत्रे लिहिली. पाच उत्तरे आली. ल्यूबेकच्या एका बाईंनी लिहिले की या नावाची जगात मी एकटीच उरले असे मला वाटत होते. सोबत त्यांनी स्वतःचा फोटो पाठवला होता, कशासाठी ते कळले नाही. जवळचा वाटला तो ब्रेमरहाफेनचा हार्टविग एलरब्रिंक. जहाजांचा रंग विकतो. त्याचा खापरपणजोबा म्युन्स्टरकडचे कुठलेसे शेत सोडून समुद्राकडे गेला होता म्हणे. त्याचे नाव मी एवरहार्डला कळवून टाकले, आणि तो धागा जुळवायला चर्चच्या कचेरीत जाऊन विवाहांची वही मागितली.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. १९९१ साली मी फक्त बाप्तिस्म्यांची वही पाहिली होती. तीत दर पिढीला बापाचे नाव एलरब्रिंक, मुलाचे नाव एलरब्रिंक, अशी तयार साखळीच मिळाली. विवाहांच्या वहीतली शाई फुटलेली होती, अक्षर वाईट होते आणि समारंभाची तारीख जवळ आली होती. मी ती उघडलीच नाही.

आता उघडली. १७४३च्या पानावर लिहिले होते, 'योहान बेर्न्ड फोकिंग, यापुढे एलरब्रिंक म्हणवला जाणारा.'

आमच्या भागात पूर्वी नाव माणसाचे नसे, शेताचे असे. मुलगी शेत सांभाळणार असली की जावई त्या घरी राहायला येई आणि आपले नाव सोडून शेताचे नाव घेई. त्याची मुलेही त्याच नावाची होत. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मी स्वतः दरवर्षी चौथीच्या वर्गाला शिकवत होतो. आणि तरीही, आपल्यासमोर बारा पिढ्यांची इतकी नीट साखळी आली तेव्हा मी एकदाही विचारले नाही की या घरात बारा पिढ्या मुलगेच कसे पुरले. माहीत नसणे वेगळे. मला माहीत होते आणि मी पाहिले नाही.

चार वेळा असे झाले होते. १६८८, १७४३, १८०२ आणि १८६८. १८०२ साली तर त्या मुलीला दोन धडधाकट भाऊ होते, तरी शेत तिलाच दिले होते. १८६८ला आलेला वेनिंग नावाचा माणूस हा एवरहार्डचा पणजोबा. आणि हार्टविगचा तो पूर्वज घरचा कुणीच नव्हता. तो शेतावरचा गडी होता. शेतावर राहणाऱ्याला शेताचे नाव लागे, तेच तो बरोबर घेऊन गेला. रक्ताचे म्हणावे असे नात्यातले त्या यादीत कुणीही नव्हते. रक्ताची होती ती गेसिना आणि यान्नेस, आणि ती दोघे डिरेक्टरीत कॉसफेल्टांच्या पानावर.

तीन दिवस मी त्या नोंदी कुणाला दाखवल्या नाहीत. हार्टविगचे थोडे रक्त कुठून तरी दाखवता आले असते. ती वही पुन्हा वाचायला कोण जाणार होते? मग चौथ्या दिवशी सकाळी सायकल काढली.

एवरहार्ड स्वयंपाकघरात हॅम कापत बसला होता. मी चार नोंदी टेबलावर मांडल्या आणि फार अडखळत सगळे सांगितले. त्याची सुरी थांबली नाही.

"वेनिंगचं ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "आजी भांडायला लागली की आजोबांना म्हणायची, तुम्ही वेनिंगचे ते वेनिंगचेच."

"मग तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि छापून आलं तेव्हा म्हटलं, बरं झालं."

त्याने माझ्यापुढे पाव आणि हॅम सरकवले. मला खाववेना. मग माझ्याकडे न बघता तो पुन्हा बोलू लागला. पुस्तिका निघण्याच्या आधी, त्याच वर्षीच्या वसंतात त्याने लुडगरला गोठ्यात बोलावून घेतले होते.

"नाव घे, शेत घे, म्हटलं. गेसिना गायी बघेल, तू तुझे नळ जोडत बस, माझं काही म्हणणं नाही. माझ्या पणजोबाने केलं तेच त्याला करायचं होतं. तो हसला, मास्तर. माझ्या गोठ्यात उभा राहून हसला."

"आणि गेसिना?"

"त्याने तिला सांगितलं नाही. मग मी सांगू? तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला आपलं नाव म्हणजे थट्टा वाटते, असं सांगू? त्यापेक्षा तुझं पुस्तक बरं होतं. पुस्तकावर कुणी चिडत नाही."

हार्टविगशी बोलणे झाले आहे, पंधरा जानेवारीला सही आहे, तू तुझे कागद घरी ने, असे म्हणून त्याने उरलेले हॅम फडक्यात गुंडाळले.

मी घरी आलो. पुढच्या रविवारी दुपारी, फोन न करता, गेसिनाकडे गेलो. वहीत जे आहे तेवढेच सांगायचे, गोठ्यातले मुळीच सांगायचे नाही, असे मी सायकलवर बसून स्वतःला दहा वेळा बजावले होते. माझी चूक कबूल करणे माझे काम होते. दुसऱ्याची चूक सांगणे नव्हते.

तिने कॉफी केली, सफरचंदाचा केक कापला. लुडगर मागच्या वर्कशॉपमध्ये काही ठोकत होता. मी नोंदी वाचून दाखवल्या. १८०२च्या मुलीला दोन भाऊ होते हे ऐकून ती थोडी हसली. मग कागद हातात घेऊन तिने स्वतः वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. बाबांना हे माहीत होते का, असे तिने विचारले. होते, मी म्हणालो. एवढे लपवणे मला जमले नसते.

"म्हणजे जावयाने नाव घेतलं की झालं. मग बाबांनी लुडगरला का नाही विचारलं?"

प्रश्न इतका सरळ होता की तो येणार हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मला माहीत नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. चौतीस वर्षे मुलांचे खोटे पकडण्यात गेली, पण स्वतः बोलायची वेळ आली तेव्हा मी ताटलीतल्या केककडे बघत बसलो.

"सर," ती म्हणाली. मी मान वर केली नाही. मग तिने दार उघडून लुडगरला हाक मारली.

तो फडक्याला हात पुशीत आला. मला पाहून नमस्कार केला. तिने त्याला बसू दिले नाही.

"बाबांनी तुला आपलं नाव घ्यायला सांगितलं होतं?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग टेबलावरच्या कागदाकडे.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "तेवीस वर्षांचा होतो मी. दुकानावर वडिलांनी नवी पाटी लावली होती, कॉसफेल्ट आणि मुलगा. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय."

"आणि मला?"

"लग्न झालं की सांगू म्हटलं. तोवर क्लेमेन्सचं ठरून गेलं. मग सांगून तुला नुसता त्रास झाला असता."

"तेहतीस वर्षं मी त्या माणसाशी बोलले नाही, लुडगर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दर नाताळला तू म्हणायचास, जाऊ दे गं, तुझा बापच तसा आहे."

तिने खुंटीवरचा कोट घेतला, गाडीची किल्ली घेतली आणि गेली. लुडगर तिथेच उभा राहिला. माझ्यासाठी कापलेला केकचा तुकडा उचलून तो उभ्याउभ्या खाऊ लागला. मला वाटते, आपण खातो आहोत हे त्याला कळत नव्हते. मी टोपी शोधू लागलो. ती डोक्यावरच होती.

बापलेकीत त्या दिवशी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे यान्नेस दूध काढायला शेतावर हजर होता, एवढे दूधवाल्याकडून कळले. पंधरा जानेवारीची सही रद्द झाली. हार्टविगने मला मोकळेपणाने लिहिले की चाळीस गायींचे करायचे काय या विचाराने त्याची झोप उडाली होती. फेब्रुवारीत शेत गेसिना कॉसफेल्ट हिच्या नावावर झाले. तिने एलरब्रिंक नाव पुन्हा घ्यावे, असा विषय एवरहार्डने एकदा काढला होता म्हणतात. शेत कॉसफेल्टलाच द्यायचे असेल तर द्या, ती म्हणाली, आणि त्याने सही केली. चर्चमध्ये भेटला तेव्हा त्याने मला विचारले की यान्नेस गायींशी गेसिनासारखाच बोलतो हे तू पाहिलेस का.

गेसिना आता शेतावर वरच्या खोलीत राहते. बापाचे बघायला, असे गावात सांगतात. तिच्या घरी लुडगर एकटा असतो. मंडळाच्या वार्षिक अंकात मी अर्ध्या पानाची दुरुस्ती छापून घेतली. कुणी त्या दुरुस्तीचा उल्लेखही केला नाही.

मार्चमध्ये माझा बॉयलर बंद पडला. तीन दिवस मी कोट घालून बसलो, कारण आमच्याकडे हे काम करणारा लुडगरच. शेवटी फोन केला. तो आला, तळघरात उतरला, आणि मी जिन्यावर उभा राहिलो. खाली जावे की वर थांबावे ते ठरेना. मी कबूल केले की त्या रविवारी मी यायला नको होते.

"तुम्ही काही बोललाच नाहीत, सर," तो म्हणाला. त्याने झाकण काढून बाजूला ठेवले. आत पाना फिरवू लागला. मग त्याने विचारले, "तेव्हा मी हो म्हटलं असतं तर लोक मला काय म्हणाले असते?"

"एलरब्रिंक."

"हसले असते."

"थोडे दिवस," मी म्हणालो. "मग विसरले असते. योहान बेर्न्ड फोकिंग मलासुद्धा सापडला नव्हता."

त्याने बटण दाबले. बॉयलर सुरू झाला. त्याने झाकण लावले, दाब आता बरोबर आहे म्हणाला, आणि वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमधली हवा काढून घ्या असे दोनदा सांगितले. मग हत्यारांची पेटी घेऊन तो माझ्या बाजूने जिना चढून गेला.